यांच्या खोलीतलं धान्य

१८ मार्च

गीतांजली आज दुपारी आली ती डाळीवरच बोलायला लागली. ती शेजारच्या घरात भाड्याने राहते. नवरा बँकेत, दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून बदली होऊन इथे जबलपूरच्या रांझीत आले. मी सुपात तुरीची डाळ निवडत होते. तिने चिमूटभर हातात घेतली, भाव विचारला आणि हसली.

"काकू, तुम्ही त्या गुप्ताला पोसून राहिल्या. हीच डाळ नागपूरला इतवारीत किलोमागे पंचवीस रुपयांनी कमी आहे."

"नागपूर काय नाक्यावर आहे?"

"पाच तास लागतात. आपण साताठ जणी मिळून गाडी केली तर भाडं एकट्या डाळीत सुटते. आणि तुम्हाला तर आता वर्षाचं भरायचं आहे."

ते खरं आहे. आमच्या गल्लीतली मराठी घरं बहुतेक विदर्भातून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आलेली. पाडव्याच्या सुमारास गहू, तांदूळ, डाळ, मिरची, हळद वर्षभराची घ्यायची, उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची, ही रीत कोणी सोडली नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून सगळ्यांचं भरणं कोपऱ्यावरच्या शालिग्राम गुप्तांच्या दुकानातून होत आलं आहे.

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन वर्षांपूर्वी यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शालिग्रामजी दुकान तसंच उघडं टाकून धावत आले. स्कूटरवर यांना मध्ये बसवलं, मागे मी धरून बसले. उपयोग झाला नाही. पण गल्लीतलं दुसरं कोणी त्या वेळी आलं नव्हतं.

२३ मार्च

शेवटी गेलेच. घरात बसून तरी काय करणार होते.

अंधारात निघालो. सिवनी ओलांडल्यावर जंगल लागलं, मग खवासा. तिथे राज्य बदलतं. फार काही होत नाही, पाट्यांवरची हिंदी जाऊन मराठी येते, बाकी पळसाची झाडं तीच. मी सातवीपर्यंत हिंदी शाळेत शिकले. मराठी वाचायला लग्नानंतर महाराष्ट्र मंडळाच्या कपाटातली पुस्तकं आणून माझी मीच शिकले. त्यामुळे मराठी पाटी दिसली की मी अजून शाळेतल्या मुलीसारखी अक्षर न् अक्षर वाचते. पाट्या वाचता वाचता नागपूर आलं.

इतवारीत धान्याच्या पेढीवरचा माणूस "या ताई, बसा ताई" करत होता. आमच्या बायकांना एवढं मराठीत घासाघीस करायला किती वर्षांनी मिळालं होतं. भाव ठरला तरी त्या बोलतच होत्या. गीतांजलीचा धाकटा भाऊ विपुल स्वतःची पिकअप घेऊन आला होता. तिशीचा मुलगा, बोलायला गोड. पोती त्याने मोजून घेतली, बांधली, आम्हाला चहा पाजला.

डाळीच्या पोत्यावर गाडरवाराचा छाप होता. गाडरवारा आपल्या जबलपूरहून दोन-तीन तासांवर. म्हणजे तूर आपल्याकडची, नागपूरला गेली आणि आम्ही ती पाच तास जाऊन परत आणत होतो. मी हे म्हटल्यावर गीतांजली म्हणाली, "चला मग, डाळ माहेरपणाला निघाली." सगळ्या हसल्या. मीही हसले. हे गेल्यानंतर गाडीत बसून हसण्याची माझी ही पहिलीच वेळ असेल.

पोती कुठे उतरवायची, यावर परतताना बोलणं झालं. सगळ्यांची घरं दोन खोल्यांची. माझ्याकडे पुढची खोली रिकामी आहे, रस्त्याकडे दार उघडणारी. हे तिथे पेपर वाचत बसायचे. मी म्हटलं, ठेवा.

३० मार्च, पाडवा

गुढी लहानच उभारली.

पाडव्याला शालिग्रामजी दुकानापुढे पितळी पराती मांडतात. शरबती, लोकवन, तांदळाचे तीन-चार प्रकार. बायका येतात, गव्हाचा दाणा दाताखाली धरून फोडतात, नाक मुरडतात, भाव पाडतात आणि मग नावं सांगून जातात. दुपारपर्यंत तिथे उभं राहायला जागा नसते. आज मी दूध आणायला गेले तेव्हा पराती मांडलेल्या होत्या आणि त्यांवर चिमण्या बसल्या होत्या. शालिग्रामजी चिमण्या उडवत नव्हते.

"भाभीजी, इस बार आप लोगों को फुर्सत नहीं मिली क्या?"

मी म्हटलं, येतील हळूहळू. असं का म्हटलं कोण जाणे. त्या वेळी माझ्या घरात सगळ्यांची पोती छतापर्यंत लागलेली होती आणि ती पिकअपमधून उतरताना त्यांनी पाहिलीच असणार, कारण दुकानातून माझं दार सरळ दिसतं.

९ एप्रिल

घरात माणसांची ये-जा सुरू झाली आहे. कोणी अर्ध पोतं न्यायला येतं, कोणी नुसतं बघायला. मी चहा टाकते. बायका यांच्या पलंगावर बसून मिरच्यांचे देठ खुडतात. पहिल्यांदा कोणी त्या पलंगावर बसलं तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं होतं. आता तसं होत नाही. खोलीला यांच्या केसांच्या तेलाचा वास होता, तो आता गोणपाटाचा झाला आहे.

विपुल दुसरी खेप घेऊन आला. या वेळी बाजूच्या गल्लीतल्या कॉलेजच्या मास्तरांची आणि मिलिटरीतल्या दोन घरांचीही मागणी होती. जेवायला त्याला इथेच थांबवलं. त्याला माणसांची फार चौकशी. कोणाच्या घरी किती माणसं, मागच्या बस्तीतले, झोपड्यांतले लोक कुठे कामाला जातात, त्यांचा पगार कधी होतो, शालिग्रामजी माल कुठून उचलतात. मला सगळं ठाऊक आहे, मी सांगत गेले. आजकालच्या मुलांना शेजारी कोण राहतं हेही माहीत नसतं. हा मुलगा वेगळा आहे.

१७ एप्रिल

अंजनी आली होती, शालिग्रामजींची बायको. सहसा ती दुकानाच्या मागच्या बाजूनेच हाक मारते, घरी येत नाही. आज पदर डोक्यावर घेऊन आली, पाणी घेतलं, चहा नको म्हणाली.

"दीदी, एक बात कहूँ, बुरा मत मानना। चैत में आप लोग साल भर का भरते हो, उसी पैसे से ये मंडी से अनाज उठाते हैं। कटाई के टाइम सस्ता मिलता है। वही हम चौमासे में बस्ती को देते हैं, उसी भाव पे। अप्रैल खाली गया तो हमारा साल गया।"

मी ऐकून घेतलं. पावसाळ्यात बस्तीतल्या लोकांचं काम बंद असतं. विटा भाजत नाहीत, बांधकाम थांबतं, फॅक्टरीचे ठेकेदार माणसं कमी करतात. तेव्हा शालिग्रामजी चैत्रातल्याच भावाने धान्य देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडे भांडी घासायला येणारी बस्तीतली शर्मिला त्यालाच 'सेठ का चौमासा' म्हणते. पण त्याचा पैसा आमच्या भरण्यातून येतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं, दुकानदाराकडे असतो पैसा.

मी अंजनीला म्हटलं, एखादं वर्ष असं जातं. ती म्हणाली, "हाँ दीदी, जाता है।" आणि उठली. जाताना पुढच्या खोलीच्या दारापाशी उभी राहिली आणि आतल्या थप्पीकडे बघत राहिली. एखादं आजारी माणूस बघून परतावं तशी परतली.

मी संध्याकाळी गीतांजलीला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, धंदा आहे. त्यानं भाव कमी करावा, आम्ही त्याच्याकडून घेऊ. आम्ही काय त्याच्याशी लग्न लावलं का?"

तिचंही चुकीचं नाही. तिच्या नवऱ्याच्या पगारातून घरभाडं, मुलीची शाळा, अमरावतीला सासऱ्यांचं औषध जातं.

४ मे

प्रतीकचा पुण्याहून फोन. दर रविवारी करतो. विपुलच्या पोत्यांचं सांगितलं तर म्हणाला, "भाडं किती घेतेस?"

"आपल्या माणसाकडून काय भाडं घ्यायचं?"

"तो आपला माणूस कधी झाला, आई?"

मी विषय बदलला. त्याला कसं सांगू, की सकाळी उठल्यावर कोणीतरी येणार आहे हे माहीत असलं की मी वेणी घालते.

३० मे

पलंग हलवला. विपुल म्हणाला, "काकू, जागा कमी पडते, आणि मधोमध लाकूड असलं की वाळवी लागते." त्याने आणि ड्रायव्हरने उचलून मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवला. वर प्लास्टिक टाकून दिलं, चांगलं दोरीने बांधून. मी न सांगता बांधलं.

भरण्याचा हंगाम संपला तरी माल येतोच आहे. गहू जास्त. मी विचारलं, एवढा कोणासाठी. तो म्हणाला, पावसात रस्ता बंद झाला तर असावा.

मी वाचलेल्या पुस्तकांत दुष्काळ आला की त्याच्या आधी कुठेतरी कोणाचं तरी कोठार भरलेलं असतं. पण ती पुस्तकांतली गोष्ट. इथे दुष्काळ नाही. मंडीत गव्हाचे ढीग लागल्याचं परवाच पेपरात होतं.

२६ जून

पाऊस चार दिवस थांबला नाही. बस्तीच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी.

शालिग्रामजींच्या दुकानात मीठ घ्यायला गेले. मागच्या भिंतीला जिथे पावसाळ्यात पोत्यांची रांग असते तिथे भिंत दिसते. भिंतीवर पोत्यांच्या उंचीपर्यंतचा भाग स्वच्छ आहे आणि वरचा काळा. शालिग्रामजी आता बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडून दोन-दोन पोती आणतात. तो त्यांना महागच देणार, आणि वर ऑटोचं भाडं. म्हणून गव्हाचा भाव किलोमागे सहा रुपयांनी वर गेला आहे. पाटीवर आधीचा आकडा खोडून नवा लिहिला नाही, पाटीच उतरवली आहे.

माझ्यापुढे बस्तीतली एक म्हातारी होती. तिने भाव ऐकला, पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि भिजत निघून गेली.

शालिग्रामजींनी मला मीठ दिलं. "और कुछ, भाभीजी?" मी म्हटलं, नाही. पुडीला त्यांनी नेहमीसारखी दोऱ्याची दुहेरी गाठ मारली.

८ जुलै

शर्मिला दोन दिवस आली नव्हती. काल आली, काम केलं, मग दारात उभी राहिली.

"दीदी, उधर के कमरे में गेहूँ है ना। सेठ के पास तो खतम। दस किलो दे दो, सेठ के पुराने भाव पे।"

मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. माझ्या स्वतःच्या पोत्यातले काढून दिले. पैसे नको म्हटलं तर तिने ऐकलं नाही, ठेवूनच गेली. आज सकाळी माझ्या दारात सहाजणी पिशव्या घेऊन उभ्या.

माझ्या एका पोत्यात किती होणार. उरलं तेवढं त्यांना वाटलं, कोठीतले तांदूळ-डाळही. बाकीच्यांना म्हटलं, विपुलला विचारते.

फोनवर विपुल हसला. "काकू, मी तर तुमच्या विचारण्याची वाटच पाहत होतो. देऊ ना. गरीब लोक आहेत. फक्त भाव मी सांगतो."

त्याने सांगितलेला भाव शालिग्रामजींच्या आजच्या भावाहून दोन रुपये कमी होता. मला बरं वाटलं. माझ्या हातून कोणाचं तरी भलं होतंय.

१९ जुलै

शालिग्रामजींच्या दुकानात आता बस्तीतलंही कोणी जात नाही. सगळे इकडे येतात. सकाळी माझ्या दारापासून वळणापर्यंत रांग असते. शालिग्रामजी गल्ल्यावर बसून रांगेकडे बघत असतात. आज मी हात जोडले, त्यांनीही जोडले.

रांगेतल्या बायका पूर्वी मला बघून काही ना काही बोलायच्या. मराठीण दीदी, आज कौन सी किताब पढ़ी, असं चिडवायच्या. आता बोलत नाहीत. बहुधा पावसाने जीव कंटाळला असेल.

२ ऑगस्ट

काल गहू चार रुपयांनी वाढला. विपुल म्हणाला, डिझेल. आज एका बाईने पिशवी माझ्या पायांपुढे आपटली. "सेठ को मार के अब हमको मारोगे?" मला क्षणभर कळलंच नाही ती कोणाशी बोलते आहे. मागे वळून पाहिलं, मागे फक्त पोती होती.

दुपारी पिकअपच्या काचेवर दगड आला. कोणी मारला, दिसलं नाही. विपुल अजिबात रागावला नाही, काचा स्वतः झाडल्या. संध्याकाळी त्याने पुढच्या खोलीला नवं कुलूप लावलं आणि बाळाजी नावाचा माणूस आणून ठेवला. पन्नाशीचा, तुमसरकडचा. तो खोलीतच झोपेल, पैसेही तोच घेईल.

"तुम्ही एकट्या असता, काकू. मला झोप येत नाही काळजीनं."

पोटच्या मुलालाही एवढं सुचलं नाही. किल्ली बाळाजीपाशी असते.

१० ऑगस्ट

गीतांजलीच्या नवऱ्याची रायपूरला बदली झाली. ट्रक येऊन सामान गेलंसुद्धा. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली, खरंच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "रायपूरला तांदूळ मस्त स्वस्त आहे म्हणे. तुम्ही याच काकू."

मी विचारलं, विपुलचं काय? तोही निघणार का?

"तो काहून जाईल? त्याचं तर इथेच बस्तान बसलं आता."

२२ ऑगस्ट

शालिग्रामजींचं दुकान बंद झालं. शटर खाली, आणि खडूने काही लिहिलेलंही नाही. ते आणि अंजनी कटनीला मुलाकडे गेले. मुलगा तिथे कोणाच्या तरी गोदामात कामाला आहे.

सकाळी रिक्षा उभी होती तेव्हा मी गेले. अंजनी आत बसली होती, तिने मान फिरवली. शालिग्रामजी खाली उतरले.

"भाभीजी, रत्नाकर भैया आख़िरी बार स्कूटर पे बोले थे, दुकान खुली छोड़ आए हो, जाओ। मैंने कहा, दुकान कहाँ भागेगी।"

यांचे शेवटचे शब्द मला आज कळले. त्या दिवशी मी मागे बसले होते, पण वाऱ्यामुळे मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी ते रागाने सांगितलं की प्रेमाने, यावर मी दिवसभर विचार केला. चेहऱ्यावरून मला ठरवता आलं नाही.

३ सप्टेंबर

गव्हाचा भाव रोज सकाळी बदलतो. बाळाजीला फोन येतो, मग तो दार उघडतो. आमच्या मराठी बायकांनाही आता तोच भाव. एक-दोघी भांडायला आल्या. बाळाजी त्यांना नम्रपणे म्हणाला, "ताई, मग इतवारीला जा ना. गाडी करा." गाडी कोण करणार? ती जमवणारी रायपूरला गेली.

दुसरीकडून गहू घ्यायचा तर आता मेन रोडपर्यंत जावं लागतं, तिथल्या मॉलसारख्या दुकानात पाच किलोची पिशवीच मिळते. बस्तीतल्या लोकांना रोजच्या रोज किलो-दीड किलो लागतं. तेवढं सुटं देणारं जवळपास एकच दार आहे, ते माझं.

शर्मिलाने काम सोडलं. निरोप दुसऱ्या बाईबरोबर पाठवला.

मी विपुलला फोन करून म्हटलं, माल हलव, मला खोली हवी आहे. तो म्हणाला, "हो काकू, दिवाळीनंतर बघू." आवाज तसाच गोड. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाळाजी मधल्या दारात उभा राहून माझं बोलणं ऐकत होता. मधलं दार तो केव्हा उघडायला लागला?

११ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. यांची तिथी जवळ आली.

शिध्याची आमच्या घरची रीत मी इथे लिहून ठेवते, प्रतीकला पुढे कधी लागली तर. कणीक, तांदूळ, डाळ, गूळ, तूप, मीठ, एक भाजी. सासऱ्यांचा शिधा हे भटजींना देत नसत. बस्तीत नेऊन द्यायचे. म्हणायचे, ज्या घरची चूल अजून पेटलेली नाही तिथे द्यावा. गेल्या वर्षी यांचा शिधा शर्मिलाच्या सासूने घेतला होता आणि डोक्याला लावून आत ठेवला होता. एकच नियम आहे. नाव घेऊन उचललेला शिधा परत घरात आणायचा नाही. कोणी घेतला नाही तर तो माणूस उपाशी राहिला असं मानतात.

१४ सप्टेंबर

माझी कोठी जुलैतच रिकामी झाली होती. म्हणून सकाळी बाळाजीला म्हटलं, खोली उघड, शिध्यापुरतं काढते.

"आई, विपुल भैय्याला विचारून घ्या."

"घर माझं आहे, बाळाजी."

"घर तुमचंच आहे आई. माल त्यांचा आहे."

त्याने फोन लावला, ऐकलं, मान हलवली. मग कुलूप काढून गहू, तांदूळ, डाळ काट्यावर ठेवून दिलं आणि भाव सांगितला. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते. यांच्या खोलीच्या दारात उभी राहून मी यांच्या शिध्याचे पैसे दिले. गिरणीतून दळून आणलं. यांचं नाव घेऊन ताट उचललं.

शर्मिलाच्या घरी गेले. तिची सासू बाहेर येऊन बसली होती, हात पुढे करायलाच निघाली. शर्मिलाने तिचा हात धरला.

"नहीं अम्मा। उस घर का नहीं।"

"शर्मिला, रत्नाकर भैया के नाम का है।"

"भैया के नाम को हम हाथ जोड़ते हैं, दीदी। पर यह भैया का थोड़ी है।"

तिने खरंच हात जोडले, ताटाला. मग दार लावलं. जोरात नाही, हळूच.

पुढच्या घरी गेले. त्याच्या पुढच्या घरी. जिथे जिथे आत धूर दिसत नव्हता तिथे उभी राहिले. कोणी वाईट बोललं नाही. एक पोर ताटातल्या गुळाकडे बघत होतं, त्याच्या आईने त्याला आत ओढलं. वळणावर एक नवीनच बाई भेटली, मला न ओळखणारी. तिने ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने का दे रही हो?"

मी सांगितलं, विकायचं नाही, पितरांचं आहे, असंच द्यायचं आहे. ती दोन पावलं मागे सरली. बाजूच्या बाईला म्हणाली, "रहने दे, बाद में पैसा माँगेंगे।"

ऊन डोक्यावर आलं. ताट घरात आणता येत नव्हतं. शेवटी शालिग्रामजींच्या बंद दुकानाच्या ओट्यावर ठेवलं, वर फडकं झाकलं. कोणीतरी गुपचूप नेईल, असं वाटलं. खिडकीत बसून बघत राहिले. लोक त्या बाजूने गेले. ओट्याजवळ आल्यावर रस्त्याच्या पलीकडून चालत गेले.

दिवे लागल्यावर दिसेनासं झालं.

१५ सप्टेंबर

पहाटे ओट्यावर ताट नव्हतं. एवढं हलकं वाटलं की मी तिथेच उभी राहून यांना मनात सांगितलं, पोचलं हो.

परत आले तर ताट माझ्या मोरीत, घासलेलं.

बाळाजी दात घासत म्हणाला, "आई, तुमचं सामान तिकडं राहिलं होतं. उंदरं लागली असती. मी आणून टाकलं."

"कुठे टाकलं?"

"तांदूळ तांदळात, डाळ डाळीत. कणीक घरात वापरा, ती आपल्या स्वयंपाकाच्या वट्यावर आहे."

मी पोत्यांकडे पाहिलं. कोणते दाणे यांचे, हे आता कोणाला सांगता येणार नव्हतं. एकेक दाणा वेचला तरी नाही.

बाळाजी आजचा भाव मला सांगून आंघोळीला गेला. किल्ली कुलपातच होती, दार अर्धं उघडं. बाहेर रांग लागली होती. सगळ्यांत पुढे शर्मिला होती, हातात लहान पिशवी, त्यात किलोभर मावेल एवढीच. रात्री तिच्याकडे चूल पेटली नसणार, तिचे ओठ सुकलेले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, तांदळाच्या पोत्याकडे बघत होती.

"आज क्या भाव है?" तिने विचारलं.

मी असंच घेऊन जा म्हटलं असतं, तर ती वळून गेली असती. काल तिने दार लावून घेतलं होतं तसंच, उपाशी.

मी भाव सांगितला.